दीडशेच्या खालचा आवाज

माझी किक चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं स्वतःबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही उरणार नाही. रॅप करणारी पोरं सांगलीहून, कराडहून माझ्याकडं येतात ती तिच्यासाठीच. किक म्हणजे गाण्यातला तो धप्प आवाज, ज्याच्यावर माणसाची मान त्याच्या नकळत हलायला लागते. तिच्या जोडीला बेस, म्हणजे खालचा जाड सूर, जो कानापेक्षा पोटाला आधी कळतो. हिपहॉपमध्ये हे दोन जमले की बाकीचं थोडंफार चुकलं तरी खपतं. हे दोन फसले, तर वर शब्द कितीही भारी असू द्यात, गाणं रिकाम्या डब्यासारखं वाजतं.

शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली मी भाड्यानं घेतली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीत पोती कोंबलीत, एका कोपऱ्यात माइक उभा आहे. हाच माझा स्टुडिओ. पेठेत तालमींना तोटा नाही. सुरुवातीला एका तालमीत जाऊन मी आठवडाभर कुस्तीच्या हौद्याच्या कडेला माइक धरून बसलो होतो. पैलवान पाठीवर आपटला की लाल मातीतून जो आवाज येतो, तो मला किकसाठी पाहिजे होता. दोन दिवस वस्तादांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आवाजच पायजे असंल तर लंगोट लावून उतर की आत. भाईर बसून काय कळतंय?" मी उतरलो नाही. पण शेवटच्या दिवशी एक थोराड गडी असा काही पडला, की तो आवाज आजही माझ्या प्रत्येक गाण्यात आहे. त्याच्याखाली कॉम्प्युटरवरचा एक सूर जोडला, वर एक बारीक टिचकी लावली. टिचकी नसेल तर मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर किक ऐकूच येत नाही, आणि आमची बहुतेक मंडळी गाणं मोबाइलवरच ऐकतात.

किक आणि बेस यांचं भांडण कायमचं. एकाच घरातल्या दोन भावांसारखं दोघांनाही तळमजलाच पाहिजे असतो. म्हणून किक पडते त्या क्षणी बेस किंचित दाबायचा आणि किक सरली की त्याला परत सोडायचं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या दोघांशिवाय तळमजल्यावर कुणाला येऊ द्यायचं नाही. कीबोर्ड, हलगी, टाळ्या, माणसाचा आवाज, सगळ्यांचं खालचं अंग कापून टाकायचं. याला लो कट म्हणतात. आवाज किती जाड हे हर्ट्झच्या आकड्यात मोजतात, आकडा जितका लहान तितका आवाज खालचा. मी दीडशेला रेघ मारली होती. दीडशेच्या खाली फक्त किक आणि बेस.

यात गैर काही नाही, सगळेच करतात. फक्त शहाणी माणसं आवाज आहे तसा पूर्ण रेकॉर्ड करून ठेवतात, आणि कापायचं ते नंतर, गाणं जुळवताना कापतात. म्हणजे उद्या मन बदललं तर मूळ आवाज जागच्या जागी असतो. मी रेकॉर्ड होतानाच कापायचो. खाली गिरण सुरू झाली की फरशी थरथरायची आणि माइकमध्ये घूंघूं शिरायची. लाइट गेली की गिरण बंद व्हायची, पण लाइट गेली की मीही बंद. मग मी मशिनवरच रेघ मारून टाकली, दीडशेच्या खालचं आत येऊच द्यायचं नाही. या धंद्यातल्या एका जाणत्या माणसानं मला सांगितलंही होतं की असं करू नकोस, एखाद दिवशी पस्तावशील. मी म्हटलं, "जे फेकूनच द्यायचंय ते घरात कशाला घ्यायचं?" हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की नंतर मी ते आणखी चारचौघांना ऐकवलं.

माझा पहिला रॅपर म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. तो मार्केट यार्डात एका अडत्याकडं कामाला होता आणि गुळाच्या सौद्यात भाव पुकारायचा. पन्नास-साठ माणसं एकाच वेळी बोलत असायची, हमाल ओरडत असायचे, ट्रक मागं घेताना हॉर्न वाजवत असायचे, आणि त्या सगळ्यात त्याचा आवाज वेगळा काढता यायचा. तो ओरडायचा नाही. नुसता बोलायचा. आवाज गळ्यातून निघत नव्हता, छातीतून निघायचा. शाळेत तो मागच्या बाकावरून हळू बोलला तरी मास्तरांना त्याचाच आवाज ऐकू जायचा आणि मार त्यालाच बसायचा, मी सुटायचो.

सौदे संपले की दुपारी तो माझ्याकडं यायचा. चपलेच्या तळाला गूळ चिकटलेला असायचा, त्यामुळं जिन्यावर त्याची पावलं चटचट वाजत यायची. गालात तंबाखूचा मावा. जिन्याच्या तोंडाशी थुंकून, चूळ भरून मग वर. माइकसमोर उभा राहिला की सुरुवातीला पाच मिनिटं नुसत्या शिव्या द्यायचा, गळा मोकळा व्हावा म्हणून. मग वही काढायचा. यार्ड, हमालांच्या पाठी, काट्यावर मारलेलं वजन, फुटबॉलच्या मॅचला पेठापेठांत फुटलेली डोकी, असं सगळं त्याच्या रॅपमध्ये असायचं. सहा वर्षांत आम्ही अठरा गाणी केली. जगात भारी वगैरे काही झालो नाही, पण कॉलेजच्या गॅदरिंगला आणि मंडळांच्या मिरवणुकीत आमचं गाणं लागायला लागलं. लोक त्याला ओळखायचे आणि माझ्या किकला ओळखायचे. मला ओळखत नव्हते, पण त्याची तक्रार नव्हती.

गाणं तयार झालं की आम्ही ते एका मित्राच्या गाडीत लावून बघायचो. दर वेळी तेच भांडण व्हायचं. मी त्याचा आवाज थोडा पुढं आणायचो आणि तो म्हणायचा, "किक वाढव मर्दा. माझा आवाज काय, यार्डात फुकट ऐकत्यात लोकं." मग मी किक वाढवायचो. मनातून मला तेच पाहिजे असायचं.

त्याची पोरगी झाली त्या दिवशी तो माझ्याकडंच होता. बायको बाळंतपणाला माहेरी, गगनबावड्याच्या बाजूला. तारीख अजून आठवडाभर लांब होती म्हणून आम्ही रेकॉर्डिंग लावलं होतं. मधेच त्याच्या सासूबाईंचा फोन आला. माइक सुरू होता, मी कॉम्प्युटरपाशी होतो, बंद करायचं डोक्यातही आलं नाही. तो फोनवर म्हणतोय, "व्हय. व्हय. कवा? बरी हाय न्हवं ती? दोघी बऱ्या हाईत न्हवं?" मग माझ्याकडं वळून, "पोरगी झाली, मर्दा. पोरगी झाली." आणि मग हसू. मोठं हसू नाही, पोटातल्या पोटात, थांबतच नाही असं. त्यानं गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं आणि तसाच जिना उतरून पळाला. वही माझ्याकडंच राहिली. मी कुठलीच फाइल पुसत नाही. ती दोन मिनिटं तारखेसकट माझ्याकडं राहिली.

तीन वर्षांनी त्याचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं यार्डातली धूळ असेल. मग सर्दी वाटली. तो गरम पाणी प्यायचा, हळदीच्या गुळण्या करायचा, मावा मात्र सुटत नव्हता. आणि आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला तो बसलेला आवाज आवडला. खरखरीत, कोरडा, थोडा वर सरकलेला. खाली बेसला मोकळी जागा मिळत होती, काही कापावंच लागत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "लई भारी लागतोय असा. दवाखान्यात जायचं असलं तर गाणं झाल्यावर जा." थट्टेत म्हटलं. तोही हसला. पण गाणं व्हायला दोन महिने लागले, आणि तो खरंच गाणं झाल्यावर गेला.

स्वरयंत्राचा कॅन्सर. ऑपरेशन करून ते सगळंच काढावं लागणार होतं. दोन महिने आधी आला असता तर काही वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मी त्याच्याबरोबर तीन वेळा त्या खोलीत गेलो, तिन्ही वेळा प्रश्न तोंडात होता आणि तिन्ही वेळा मी भिंतीवरच्या गळ्याच्या चित्राकडं बघत बसलो.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "चल, एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवू. पोरीसाठी काहीतरी बोल." तेव्हा त्याचा आवाज पत्र्यावर काठी ओढावी तसा झाला होता. तो म्हणाला, "ह्यो नको. ह्यो माझा न्हाय. चांगला हाय की तुझ्याकडं ठेवल्याला."

"हाय की," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. तीन महिन्यांनी तो यार्डात परत गेला. आता तो काट्यापाशी उभा असतो आणि सौदा दुसरा कुणीतरी पुकारतो. घरी आणि आमच्यात तो मोबाइलवर लिहून दाखवतो. पूर्वी बोलायचा तसंच लिहितो, फक्त शिव्या कमी झाल्यात, कारण टाइप करायचा कंटाळा येतो म्हणतो. आमचं गाणं बंद झालं. माझ्याकडं बाहेरची पोरं येत राहिली आणि मी त्यांच्यासाठी किक बसवत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दोस्ताची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गिरणीत दळण घेऊन आल्या. नंबर लागेपर्यंत वर आल्या. माझ्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक मागायचं हुतं. ती विचारतीया, पप्पा कसं बोलायचे. तिला ती बसल्याली घरघरच आठवतीया, आधीचं काईच न्हाय. तान्ही हुती तवा ह्यांच्या छातीवर पडायची. हे बोलत बसायचे आन ती झोपायची. दुसऱ्या कुणाकडं झोपायची न्हाय." मग आतल्या माइककडं बघून, "हे म्हणत्यात, आवाज तुमच्याकडं हाय."

मी म्हटलं, आहे. आणि मला त्या दिवसाची फाइल आठवली. मी त्यांना फाइलबद्दल सांगितलं, पोरगी झाली त्या दिवशीचं सगळं माझ्याकडं आहे म्हणून. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं होतं एखादं गाणं मिळेल. हे मिळेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइल काढली, मागं पुढं साफ केली आणि त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. संध्याकाळी स्वतः घरी गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच गेलो होतो. दोस्त यार्डातून आलेला नव्हता. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "रागावू नका भावजी. शब्द ह्यांचेच हाईत. पण ह्यो आवाज ह्यांचा न्हवं."

मी म्हटलं, मोबाइलवर तसंच लागतं, मोठ्या स्पीकरवर ऐका.

"तसं न्हवं ओ," त्या म्हणाल्या. "वरचा वरचा हाय. आत काईच न्हाय त्यात. कुणीतरी त्यांची नक्कल केल्यागत लागतंय. मी तिला अजून ऐकवलं न्हाय."

चहा तसाच टाकून मी खोलीवर आलो. मोठ्या स्पीकरवर फाइल लावली, किक नाही, बेस नाही, नुसता त्याचा आवाज. सहा वर्षांत मी तो असा एकटा कधी ऐकलाच नव्हता. कायम खाली माझं काहीतरी वाजत असायचं, आणि त्याच्या आवाजाला जी छाती आहे असं वाटायचं ती माझ्या बेसची असायची. आता बेस काढल्यावर समोर एक पातळ, सपाट माणूस बोलत होता. वहिनींनी ज्याला आत म्हटलं होतं ते सगळं दीडशेच्या खाली होतं आणि ते मी कधी आत येऊच दिलं नव्हतं.

मी सगळ्या फाइली काढल्या. सहा वर्षांच्या. माझ्या मनाशी एक समजूत होती की हे गिरणीमुळं झालं. मग लक्षात आलं की आठवड्यातून एक दिवस गिरण बंद असते. त्या दिवसांच्या फाइली शोधून शोधून लावल्या. त्याही कापलेल्याच. खाली सगळं शांत असताना, काही गरज नसताना, मी कापत होतो. गिरणवाल्याचा यात काही संबंध नव्हता. मला माझ्या किकला जागा पाहिजे होती, आणि मी माझ्या दोस्ताची छाती कापून ती दिली. त्या संध्याकाळी मी स्वतःला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मोठ्यानं.

घरात दुसरं कुठं काही असेल म्हणून विचारलं. लग्नाच्या व्हिडिओत बँड वाजतोय. मोबाइलवर पाठवलेले दहा-बारा निरोप मिळाले, "दूध आणू का", "पाच मिनिटात आलो" असले. पण मोबाइलच्या माइकला खालचं मुळातच नीट ऐकू येत नाही. पोरगी ज्या आवाजावर झोपायची तो कुठल्याच मशिनमध्ये नव्हता. नीट घेऊ शकेल असा माइक सगळ्या गोतावळ्यात एकाकडंच होता, माझ्याकडं.

मग मी तीन आठवडे काय काय करून बघितलं ते सांगायलाही लाज वाटते. कापलेला आवाज भरून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. ती वरच्या आवाजावरून अंदाज करून खालचा आवाज तयार करतात. त्यानं दोस्त विहिरीतून बोलल्यासारखा वाजायला लागला. बेसचा सूर त्याच्या शब्दांबरोबर वरखाली करून बघितला, तर रोबोट झाला. शेवटी एक उपाय सुचला. जाड आवाज माझाही आहे, त्याच्याइतका नाही, पण आहे. मी माइकसमोर उभा राहिलो, मशिनवरची दीडशेची रेघ पहिल्यांदा काढून टाकली आणि त्याचे शब्द त्याच्याच चालीत बोललो. मग माझ्या आवाजातलं फक्त दीडशेच्या खालचं ठेवलं, वरचं सगळं कापलं, आणि ते त्याच्या आवाजाखाली सरकवलं.

एका झटक्यात जमलं नाही. त्याचा श्वास कुठं आहे, "मर्दा"मधला "र" तो किती ओढतो, "झाली" म्हणताना आवाज कुठं घसरतो, हे सगळं केसाचाही फरक न राहता जुळावं लागतं. नाहीतर एकामागं एक दोन माणसं बोलल्यासारखं वाजतं. गिरणीची घूंघूं नको म्हणून सुट्टीच्या दिवसाची वाट बघायची. सबंध दुपार मी एकटा त्या खोलीत उभा राहून "पोरगी झाली, मर्दा. पोरगी झाली" म्हणत होतो. पन्नास वेळा, साठ वेळा. आमच्या घरी पाळणा हललेला नाही, आता हलेल असंही वाटत नाही, आणि मी भिंतीवरच्या गाद्यांना सांगत होतो की पोरगी झाली. गिरणवाला पट्टा बदलायला म्हणून आला होता. तो खालूनच ओरडला, "कुणाला पोरगी झाली ओ? बर्फी कुठाय?" मी खाली जाऊन त्याला सांगितलं की गाण्यातलं आहे. तो म्हणाला, "गाण्यात तर गाण्यात, चांगलं हाय की." आणि कामाला लागला.

हसू सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्याचं हसू हसता येत नाही. तीन दुपारी मी त्यावर घालवल्या आणि चौथ्या दुपारी एकदा, रडत असताना, बरोबर बसलं.

रविवारी मी स्पीकर उचलून त्यांच्या घरी गेलो, कारण हे मोबाइलवर ऐकून काही उपयोग नव्हता. दोस्त घरी होता. वहिनी होत्या. पोरगी आता साडेचार वर्षांची, वेणीतल्या रिबिनी सोडत पाटावर बसली होती. मी काही न सांगता फाइल लावली.

"दोघी बऱ्या हाईत न्हवं?" आवाज खोलीभर पसरला. मांडणीवरची भांडी हलकीशी वाजली. वहिनी म्हणाल्या, "हेच. हेच की ओ." पोरगी उठली, स्पीकरपाशी गेली, कान लावला आणि मग गालच टेकवला. "पोरगी झाली, मर्दा," स्पीकर म्हणाला. तिनं विचारलं, "म्हंजे मी?" वहिनींनी मान हलवली. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी ती तिथंच, स्पीकरला टेकून, आडवी झाली आणि तिचे डोळे मिटायला लागले.

मी दोस्ताकडं बघत नव्हतो. वहिनी चहा करायला आत गेल्या तसा तो उठून माझ्याजवळ आला. त्यानं हाताचा पंजा माझ्या छातीवर ठेवला. मला वाटलं आभार मानतोय. मी म्हटलं, "अरे असू दे." तो पंजा तसाच ठेवून थांबला होता. मी बोललो तेव्हा माझी छाती थरथरली ती त्यानं हातानं ऐकली, मग हात काढला आणि मोबाइलवर लिहिलं, "खालचा तुझा हाय."

मी सगळं सांगितलं. हळू आवाजात, भरभर. रेघ, गिरण, सुट्टीचे दिवस, सगळं. दवाखान्याचं सोडून सगळं. तो ऐकत होता. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं लिहिलं, "किक वाढव मीच म्हणलतो." मग ते पुसलं. मग बराच वेळ अंगठा नुसताच काचेवर फिरत होता. शेवटी लिहिलं, "ऱ्हाऊ दे. झोपली बघ ती. तिला सांगू नगो. हिलाबी नगो."

स्पीकर मी तिथंच ठेवून आलो. पोरगी रोज झोपताना तो लावते. वहिनी सगळ्या पाहुण्यारावळ्यांना ऐकवतात आणि म्हणतात, भावजींनी आमच्या घरात ह्यांचा आवाज परत आणला. दोस्त तेव्हा उठून बाहेर जातो.

आता मी मशिनवर रेघ मारत नाही. माइकमध्ये गिरण येते तर येते. पण ज्याच्यासाठी रेघ काढून टाकायला पाहिजे होती तो आता माइकसमोर येणार नाही. माझी किक अजून चांगली आहे. पोरं अजून सांगलीहून येतात.

त्यांच्या घरी मी दर रविवारी जातो. पहिल्यासारखं बोलायचं मात्र सोडून दिलंय. रोज कान लावून ऐकणारी पोरगी आहे. एखाद दिवशी मी सहज काहीतरी बोलायचो आणि तिच्या कानाला ते ओळखीचं लागायचं, ही भीती मनातून जात नाही. म्हणून तो मोबाइलवर लिहितो तसा मीही माझ्या मोबाइलवर लिहून उत्तर देतो. समोरासमोर बसून आम्ही दोघं चहा पितो आणि टाइप करत राहतो. मागच्या रविवारी पोरगी आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काका," ती म्हणाली, "तुमचाबी आवाज काढून टाकला व्हय?"

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून होय म्हटलं.